अण्णा, गणपतीच्या शाळेचं दार उघडं ठेवलंत म्हणून

आदरणीय अण्णांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या कारखान्यात, माती मळणारे, घासकाम करणारे आणि रंगाला बसणारे आम्ही सगळे मिळून हे पत्र लिहीत आहोत. ते सगळ्यांना वाचता यावं असं लिहितो आहोत, कारण आषाढ लागला की सिंधुदुर्गात, रत्नागिरीत गावोगाव गणपतीच्या शाळा सुरू होतात आणि तुम्ही केलंत ते त्यांतल्या कुठल्याही शाळेला करता येईल. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांना तुम्ही कामाला बोलावलंत. समजुतीचे शब्द त्यांना घरी पुष्कळ मिळत होते. हाताला काम कुणी देत नव्हतं, ते तुम्ही दिलंत.

दिवसकार्य उरकलं की येणंजाणं कमी होतं आणि खरे जड दिवस तिथून सुरू होतात. झोप तुटक, जेवणावर वासना नाही, वर्तमानपत्राच्या चार ओळींपुढे लक्ष टिकत नाही. अशा माणसापुढे कोरा कागद ठेवून ‘चित्र काढ, बरं वाटेल’ म्हणणं आम्हाला पटत नाही. काय काढायचं हे ठरवायलाही बळ लागतं. तुम्ही ठरवण्याचं ओझंच काढून घेतलंत. ‘आधी माती मळ, मगे बघू,’ एवढंच म्हणायचात. सुतक फिटण्याआधी कुणाला बोलावलं नाहीत. वर्षभर सण न करणाऱ्या घरांना शंका होती, त्यांना समजावलंत की प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत पाटावर असते ती माती, तिला हात लावायला अडचण नाही. ज्यांना तरीही पटलं नाही, त्यांना आग्रह केला नाहीत.

मळण्याचं काम तुम्ही पहिल्यांदा का देता, हे आम्हाला हळूहळू उमगलं. वीतभर मूर्तीला साधारण दोन किलो कोरडी शाडू लागते. ती चाळून खडे काढायचे, पाऊण लिटरच्या आसपास पाणी थोडं थोडं शिंपडायचं आणि ओल्या फडक्याखाली रात्रभर मुरू द्यायची. सकाळी चिमूटभर पिंजलेला कापूस तंतू सुटे करून मिसळायचा. कापसाचा गोळा राहिला तर तिथेच माती फुटते. मग तळव्याच्या टाचेने दाबत, घडी घालत मळायचं. बोटाला चिकटत असेल तर पाणी जास्त झालं, वळकटी वाकवल्यावर चिरत असेल तर कमी पडलं. यात चुकण्यासारखं काही नाही, पण लक्ष मात्र सतत लागतं. रडू आलं तरी हात चालू राहतात, आणि मान खाली असल्यामुळे कुणाला तोंड दाखवावं लागत नाही. ही सोय फार मोलाची आहे.

पाऊण तासाने तुम्ही चहा ठेवून उठवता. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली ३९ प्रौढांना माती, रंगीत पेनं आणि कात्रणं देऊन पाऊण तास हवं ते करू दिलं, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालेलं आढळलं. कलेचा आधीचा सराव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. ती माणसं शोकातली नव्हती, त्यामुळे त्यावरून मोठा दावा करू नये. ‘मला चित्रकला येत नाही’ म्हणून दारातून परतणाऱ्यांना मात्र हे जरूर सांगावं.

घडवण्याच्या टप्प्यावर तुमची शिस्त कडक. सोंड आणि हात नुसते चिकटवून चालत नाहीत. दोन्ही बाजू काटकीने खरवडायच्या, मध्ये पातळ केलेली माती लावायची, दाबून सांधा बोटाने मिटवायचा. तरी भेग पडते, कारण बारीक हात लवकर सुकून आखडतो आणि जाड पोट ओलंच असतं. म्हणून हातांवर ओलं फडकं ठेवून ते पोटाच्या बरोबरीने सुकवायचे. श्रावणातल्या आपल्या दमट हवेत घाईला जागाच नाही. पंखा समोर लावला किंवा जवळ दिवा टांगला की वरची कातडी सुकते, आत ओल राहते आणि दुसऱ्या दिवशी पाठीवर भेग दिसते. मूर्ती प्लॅस्टिकखाली फार दिवस झाकून ठेवली तर पांढरी बुरशी धरते. भेग पडलीच तर ती थोडी रुंद करायची, ओलसर करून मऊ माती आत दाबायची आणि पुन्हा थांबायचं. नुसती वरून लिंपलेली भेग रंगातून परत वर येते.

या थांबण्यानेच आठवडा बांधला जातो. बुधवारी फडकं ओलं करायचं, शुक्रवारी मूर्ती फिरवून ठेवायची. घरी बसून ज्याला उद्याचा दिवस दिसेनासा झाला होता, त्याला शाळेत यायला कारण मिळतं. मूर्ती सुकली का हे बघायला तुम्ही हाताची मागची बाजू पाठीला लावायला शिकवलंत. गार लागली तर आतली ओल अजून उडते आहे. ओलीवर रंग चढवला तर त्याचे पापुद्रे सुटतात.

मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर २२०, आणि ओल्या ब्रशाने एक हात. धुळीसाठी नाकाला फडकं बांधायचं, यात तुम्ही कुणाला सवलत देत नाही आणि ते योग्यच आहे. पांढऱ्या रंगाच्या थरासाठी खडूची भुकटी आणि डिंकाचं पाणी. डिंक कमी पडला तर बोटाला पांढरं लागतं, जास्त झाला तर थर ताणून निघतो. म्हणून आधी खापरीवर लावून बघायचं.

रंगातही तुम्ही माणूस बघून काम देता. जागरणाने हात थरथरत असेल त्याला पीतांबराचा सपाट रंग, थोडा सावरला की शेल्याची किनार, मग मुकुटाचे ठिपके. डोळ्यांची आखणी अगदी शेवटी, आणि तीही विचारून. शून्य नंबरचा ब्रश, कोपर टेकलेलं, आधी वरच्या पापणीची रेघ दोन्ही डोळ्यांना, मग खालची, मग बुबुळं एकामागोमाग लगेच, म्हणजे नजर फाकत नाही. नजर किंचित खाली, पुढ्यात बसलेल्याकडे. काहींना हे नको असतं. त्या घरातल्या मूर्तीचे डोळे गेलेल्या माणसानेच दरवर्षी लिहिलेले असतात. अशा वेळी तुम्ही एक शब्द न बोलता ब्रश स्वतः घेता. यासाठी विशेष आभार.

माती सगळ्यावर उपाय नाही, हेही तुम्ही जाणता. कुणी जेवणच सोडलं, जगणं नको म्हणू लागलं, किंवा वर्ष उलटूनही घराबाहेर पाऊल पडेना, तर त्याच्या घरच्यांना गाठून तुम्ही डॉक्टरकडे पाठवता. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांकही भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलात.

आता एक मागणं. विसर्जन झालं, चाकरमानी मुंबईला परतले की लगेच पितृपक्ष लागतो. घर रिकामं आणि पुढ्यात म्हाळ. त्या पंधरवड्यात शाळा बंद ठेवू नका. न रंगवलेले, मोडलेले नमुने, त्यांची माती पुन्हा वापरता यावी म्हणून, आम्ही वेगळे काढून पूर्ण वाळवत ठेवू. कडक वाळलेली माती पाण्यात टाकताच विरघळून खाली बसते, अर्धी ओली टाकली तर गाठी राहतात आणि दुप्पट मळावी लागते. दोन दिवसांनी वरचं पाणी ओतून गाळ जुन्या धोतराच्या कापडात टांगायचा. हे काम नव्याने येणाऱ्यांना देता येईल, आणि किल्ली आमच्यापैकी कुणीही सांभाळेल.

आपले,
शाळेतले सगळे मदतनीस