गर्भजलाचा रिपोर्ट यायचाय

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्री उशिरा

सुन्या,

दिवाळीत तुझा फोन उचलला नाही, नंतर केलाही नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. शुगर ठीक, गुडघे होते तसेच.

मीनूला सतरावा आठवडा लागलाय. डबल मार्कर या नेहमीच्या रक्तचाचणीच्या भानगडीत न पडता तिने थेट एनआयपीटी केली, म्हणजे आईच्या रक्तातल्या डीएनएवरून बाळाची गुणसूत्रं तपासायची चाचणी. 'डाउन सिंड्रोम : हाय रिस्क', लाल अक्षरांत. खाली मुंगीच्या टायपात, ही चाचणी म्हणजे निदान नव्हे.

जावई म्हणाला, "बाबा, नव्व्याण्णव टक्के अचूक असते ही." मी मागच्या बिलावर गणित मांडलं. (हो, मी! हस.) मीनूच्या वयाच्या दहा हजार जणी घे. साधारण दहा जणींच्या पोटात असं बाळ. त्या बहुतेक सगळ्या सापडतात. पण हजारात एखादी बिनदोषाचीही लाल दाखवते, म्हणजे आणखी दहा. वीस लाल रिपोर्ट, निम्मे खोटे! डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. रक्तात तरंगतो तो डीएनए वारेचा; डाउनमध्ये असते ती एकविसाव्या गुणसूत्राची जादा तिसरी प्रत वारेत आहे आणि बाळात नाही, असंही होतं. म्हणून गर्भजल काढायचं.

गुरुवारी काढलं. आधी सही, मुलगा की मुलगी विचारणार नाही म्हणून. मीनू म्हणाली, "तेवढं सोडून सगळं विचारायचंय." सुई बघून जावई बाहेर जाऊन बसला, आत मी. पडद्यावर सुईची पांढरी रेघ, आणि बाजूला ते एवढंसं हात हलवतंय. फिकट पिवळं पाणी, चारेक चमचे. आता त्यातल्या पेशी वाढवून गुणसूत्रं मोजणार. दोन आठवडे.

रात्री तिने तुझ्या भावाचं विचारलं, "बाळूकाका कसा होता हो?" मी तलावपाळीची बोट सांगितली, वल्हं सोडायला तयार नव्हता ते. मॅचचं गिळलं. 'बाळूला चेंडू आणायला ठेवू' हे विन्या म्हणाला असं तू धरून बसलायस, सहा महिने त्याच्याशी बोलला नाहीस. विन्या नव्हता रे. मी होतो.

तिला तुझ्याशी बोलायचंय. गोड करून सांगू नकोस. हृदयाचं ऑपरेशन, काकूंची शेवटची वर्षं, सगळं सांग. मॅचचंही सांग.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? गच्ची गळायची थांबली?

फोन आधी तिला कर. मला नंतर केलास तरी चालेल.

तुझा,
पक्या