रविवारी रंकाळ्यावर हेल्मेट वाटप

मंडळी, येत्या रविवारी सकाळी 7 वाजता रंकाळा चौपाटीवर जमायचं आहे. लेकरं गमावलेल्या आपण आईबापांनी वर्गणीतून घेतलेली 40 छोटी हेल्मेट वाटायची आहेत.

- आयएसआय चिन्ह बघूनच द्या. पट्टा स्वतः लावून दाखवा. नुसतं हातात दिलं की ते डिकीतच राहतं.
- चार वर्षांवरच्या पोरालाही हेल्मेट सक्तीचं आहे, मोटार वाहन कायदा, कलम 129. नीट सांगा, वाद घालू नका.
- मुलांचे फोटोबिटो कुणी काढायचे नाहीत.

त्या दिवशी माझ्या पोराचं हेल्मेट घरात खुंटीला होतं. तेच दाखवायला आणतोय.

ज्यांच्याने लोकांशी बोलणं होत नाही, त्यांनी चहाच्या किटलीपाशी थांबावं. पण या.