एका रात्रीत नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला मोरोक्कोचा लेख वाचला. फेझ, माराकेश, उंटावरची सफर, सगळं छान. पण तिथल्या ज्यूंविषयी ‘एका रात्रीत हाकलून दिले’ एवढंच वाक्य आहे आणि ते बरोबर नाही.

दोन वर्षांपूर्वी लेक-जावयासोबत मी मोरोक्कोतल्या इफ्रान गावी गेले होते. अगादीर शहराच्या दक्षिणेला, बुइझाकार्नच्या फाट्यावरून आत, डोंगरात. गाव नांदतं आहे; ओस पडलाय तो मल्लाह, म्हणजे ज्यूंची जुनी वस्ती. (हा शब्द मिठावरून आला. १४३८ मध्ये फेझच्या ज्यूंना खाऱ्या जमिनीवर वसवलं, तेच नाव पुढे सगळीकडे चिकटलं. पेणच्या मिठागरांशेजारी वाढलेल्या मला त्याची मौज वाटली.)

छपरं बसलेली, भिंती पावसाने झिजलेल्या. एका दाराच्या चौकटीत बोटभर लांबीची रिकामी खाच दिसली आणि मी थबकले. लहानपणी आमच्या शेजारी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, कुटुंब होतं. त्यांच्या चौकटीला अश्शीच जागा धरून मेझुझा, म्हणजे धर्मवचनं ठेवलेली छोटी डबी, असे. आत शिरताना त्यांची आजी त्याला बोटं टेकवून ओठांना लावायची. आम्ही पोरंही लावायचो, कुणी रागावत नसे. इथला मेझुझा घरच्यांनी निघताना काढून नेला असणार.

सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मात्र डागडुजी करून राखलंय. किल्ली एका मुसलमान म्हाताऱ्याकडे, सुतळीत ओवून गळ्यात. दार उघडण्याआधी त्याने उंबरा हाताने झाडला.

आता त्या वाक्याविषयी. १९४८ मध्ये मोरोक्कोत सुमारे अडीच लाख ज्यू होते. त्याच जूनमध्ये तिथल्या उज्दा आणि जरादा या गावांतल्या दंगलींत ४० हून अधिक ज्यू मारले गेले. भीती खरीच होती. पण १९५६ ला देश स्वतंत्र झाल्यावर सरकारने उलट त्यांच्या बाहेर जाण्यावरच निर्बंध घातले. लोक चोरून इस्रायलकडे निघू लागले. जानेवारी १९६१ मध्ये अशा लोकांना नेणारी ‘एगोझ’ बोट बुडून ४४ जण गेले. मग मोरोक्को आणि इस्रायलमध्ये पडद्याआड समझोता झाला आणि १९६४ पर्यंत ९० हजारांवर ज्यू देश सोडून गेली. याला एक रात्र कसं म्हणायचं?

कुणी इफ्रानला जाणार असेल, तर सकाळीच जावं. दुपारी म्हातारा शेतावर असतो आणि किल्लीही त्याच्याबरोबर.

– एक निवृत्त शिक्षिका, पेण (जि. रायगड)