दंड मागता, मग हातातला का वापरत नाही?

मा. संपादक,

‘तळीरामांची आता खैर नाही’ हा कालच्या अंकातला मथळा वाचला. खैर आहे, आणि चांगलीच आहे. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला, बाके वाजली, उघड्यावर पिणाऱ्याला पाच हजार रुपये दंड! हा आकडा कुणी, कशाच्या आधारे काढला, ते बातमीत नाही. नुसत्या ठरावाने दंड बसत नाही, हे सभागृहात निदान मुख्याधिकाऱ्यांनी तरी सांगायला हवे होते. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाखाली असे काही करायचे तर उपविधी, म्हणजे नगरपरिषदेचे स्वतःचे नियम, करावे लागतात. मसुदा प्रसिद्ध करायचा, हरकती मागवायच्या, मग वरून मंजुरी आणायची. बेकायदा ठराव जिल्हाधिकारी कलम 308 खाली तहकूब करू शकतात, तो भाग वेगळाच.

कायदा मुळात कमी नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्यात सार्वजनिक जागी झिंगून धिंगाणा घालणाऱ्याला कलम 85 आहे. अंडाभुर्जीच्या गाडीवर बसवून पाजणाऱ्याला 68 आणि तिथे पिणाऱ्याला 84 लावतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 355 आले. दारू पिऊन लोकांना त्रास देणाऱ्याला 24 तासांपर्यंत साधी कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवेची शिक्षा. जुन्या दंड संहितेत याच गुन्ह्याला दहा रुपये दंड होता, म्हणजे वाढ बरीच म्हणायची. पण समाजसेवा करायची कुठे, याची यादी कोर्टापुढे ठेवायला नगरपरिषदेला कुणी अडवले आहे? क्रीडांगणावरच्या फुटक्या बाटल्या वेचायचे काम तर रोजचेच आहे.

केस उभी राहत नाही ती पुराव्यापायी. रक्त घ्यायचे तर 1959 च्या नियमांप्रमाणे किमान 5 सी.सी. घ्यायचे, कातडीला स्पिरिटचा बोळा लावायचा नाही, बाटली सीलबंद करून सात दिवसांच्या आत रासायनिक विश्लेषकाकडे पोचेल अशी पाठवायची. कुठे सवयीने स्पिरिट फिरवले जाते, कुठे सीलचा नमुना सोबत जात नाही, कुठे नमुना फ्रिजमध्येच आठवडा काढतो. आरोपीच्या वकिलाला एवढे पुरते. इंग्लंडमध्ये 2014 च्या कायद्याने स्थानिक कौन्सिलला ठरावीक जागेपुरता, जास्तीत जास्त तीन वर्षांचा आदेश काढता येतो. तिथली मेख अशी की गुन्हा पिण्याचा नसतो. ‘पिणे थांबवा, बाटली द्या’ असे सांगितल्यावर न ऐकणे हा गुन्हा. रक्त नको, डॉक्टर नको. तसा अधिकार हवा असेल तर तो विधिमंडळाकडे मागा. आपल्याच सभागृहात बाके वाजवून तो मिळत नाही.

आता त्या पाच हजारांविषयी. नेमका एवढाच दंड 2018 पासून नगरपरिषदेच्या हातात आहे. 23 मार्च 2018 च्या प्लास्टिकबंदी अधिसूचनेत एकदाच वापरायचे प्लास्टिकचे ग्लास आले. पहिल्या वेळी 5,000, दुसऱ्या वेळी 10,000, तिसऱ्या वेळी 25,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. आतून प्लास्टिकचा थर असलेले कागदी ग्लासही 2022 मध्ये त्यात घेतले, त्यामुळे ‘साहेब, कागदी आहे’ ही सबब संपली. वाइन शॉपमधून क्वार्टर घेतलेला माणूस पन्नास पावलांत ग्लास, पाणी आणि चकणा घेतो आणि तिथेच भिंतीला टेकतो. दुकानाला बाटली फोडू द्यायची परवानगी नाही, ती सोय शेजारची टपरी करते. टपरीवरचा ग्लास बंद झाला की त्यातले बरेच जण मुकाट परमिट रूमकडे वळतात किंवा घरी जातात. बिअरवाल्यांना ग्लास लागत नाही हे कबूल, पण क्वार्टरवाल्यांना लागतो, आणि रात्रीचा तमाशा बहुधा त्यांचाच असतो.

मग पावत्या का फाटत नाहीत? पथक निघते सकाळी अकराला आणि भाजीवालीच्या कॅरीबॅगा उचलून आणते. ग्लास विकले जातात संध्याकाळी सात ते दहा. तेव्हा स्वच्छता निरीक्षकांची ड्युटी संपलेली असते. चुकून कधी पथक गेलेच, तर पावती पुस्तक कार्यालयात राहते आणि ‘समज देऊन सोडले’ अशी नोंद होते. पावती फाटली तरी पहिल्यांदा टपरीवाल्याच्या नावे, पुढच्या खेपेला त्याच्या भावाच्या नावे. म्हणजे दहा हजारांची दुसरी वेळ कधी येतच नाही. पावतीवर फेरीवाला प्रमाणपत्राचा क्रमांक आणि जागा लिहा, दोन पंचांसमोर ग्लास मोजा, फोटो काढा. आठवड्यातून तीन संध्याकाळी एवढे झाले तरी पुरे. उघड्यावर लघवी करणाऱ्यालाही पावती देता येते, पण तिथले सार्वजनिक शौचालय रात्री आठला कुलूपबंद होते. तेव्हा दंड कोणी कोणाला करायचा, हा प्रश्नच आहे.

बातमीत शेवटी ‘प्रभागात आडव्या बाटलीसाठी मतदान घेऊ’ असेही एक वाक्य आहे. आडवी बाटली म्हणजे दारू दुकान बंद, उभी म्हणजे चालू. जरूर घ्या, पण हिशेब सांगून घ्या. राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशाप्रमाणे 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात आणि दुकान बंद व्हायला यादीतल्या निम्म्याहून जास्त मते लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हेत. यादीत 2,000 बायका असतील तर 500 सह्या आणि किमान 1,001 मते. समजा 1,200 जणी आल्या आणि 950 जणींनी आडवी केली, तरी बाटली उभीच! सासरी गेलेल्या, वारलेल्या, बदलीने गेलेल्या सगळ्या जणी न येता उभ्या बाटलीला मत देतात. म्हणून सह्या गोळा करण्याआधी यादीतली नावे कमी करून घ्यायची असतात. हे काम एका आठवड्यात होत नाही.

जाता जाता एक. ज्या पानावर ही बातमी होती, त्याच पानावर खाली अर्ध्या पानाची ‘सोड्या’ची जाहिरात होती. तो सोडा आजवर कुठल्या किराणा दुकानात मिळाला असेल तर कळवावे.

— एक नियमित वाचक