पाचाचा इन्व्हर्टर पुरेल, पण बारा पॅनेल एका ओळीत नकोत

ती. आई आणि ती. बाबा,
शि. सा. नमस्कार.

सोलरवाल्यांचं कोटेशन आणि दोन्ही डेटाशीटचे फोटो मिळाले. बाबांनी लाल पेनाने गोल केलेले दोन आकडे लगेच दिसले: पॅनेल ६.४८ किलोवॅट, इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा) ५ किलोवॅट. शेजारी प्रश्नचिन्ह आणि खाली 'हा जळणार'. बाबा, त्या फरकाने तो जळणार नाही. जळायची भीती आहे ती दुसऱ्याच एका आकड्यामुळे, आणि त्याला तुम्ही गोल केलेला नाही. फोनवर बोलताना आकडे निसटतात, म्हणून लिहून पाठवते आहे. वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

आधी तुमची शंका. पॅनेलमागे ५४० वॅट लिहिलंय ते चाचणीतलं माप आहे. चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि त्याच वेळी सेलचं तापमान २५ अंश, अशी ती चाचणी. गच्चीवर या दोन गोष्टी एकत्र सहसा येत नाहीत, कारण एवढं ऊन पडलं की पॅनेल तापणारच. भर दुपारी सेल हवेपेक्षा २५-३० अंशांनी गरम असतात. हवा ३५ असली तर सेल ६० ते ६५. आता डेटाशीटच्या खालच्या कोपऱ्यात तापमानाचा तक्ता आहे तो बघा. पॉवरपुढे उणे ०.३५ टक्के लिहिलंय. म्हणजे २५ च्या वर जाणाऱ्या प्रत्येक अंशाला इतकी घट. ६५ अंशांवर ४० गुणिले ०.३५, म्हणजे १४ टक्के गेले. बारा पॅनेलच्या ६४८० चे उरले ५५७३ वॅट. त्यातून धूळ, तारा आणि पॅनेला-पॅनेलांतला थोडाफार फरक यांचे पाच टक्के वजा करा: ५२९४. इन्व्हर्टर स्वतः दोन-अडीच टक्के खातो. मीटरकडे निघाले ५१५० च्या आसपास, आणि तेही ऊन अगदी १००० असेल तर. ऊन ९०० असेल तर साडेचार हजारांच्या थोडं वर.

म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी हा पाच किलोवॅटचा इन्व्हर्टर जेमतेम भरतो. सकाळ-संध्याकाळ तर अर्धासुद्धा भरत नाही.

भरून वाहील तो थंड आणि लख्ख दिवशी. पाऊस नुकताच उघडलाय, पॅनेल धुऊन निघालेत, वारा आहे, सेल ४५ च्या पुढे जात नाहीत, अशा दुपारी पॅनेल सहज साडेपाच हजारांच्या वर जातील. त्या वेळी इन्व्हर्टर ५००० वर थांबेल. वरचं जे आहे ते तो 'सोसत' नाही, घेतच नाही. एरवी तो स्ट्रिंगचं, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलांच्या साखळीचं, व्होल्टेज सतत थोडं वर-खाली करून सगळ्यात जास्त वॅट कुठे मिळतात ते शोधत असतो. त्याची हद्द आली की तो मुद्दाम व्होल्टेज वर सरकवतो, त्यासरशी करंट उतरतो आणि वॅट ५००० वर राहतात. न घेतलेली ऊर्जा पॅनेलमध्येच उष्णता होऊन राहते. पॅनेल एखाद-दोन अंश जास्त तापतात, एवढंच. पॅनेल काही वीज जबरदस्तीने पुढे ढकलत नाहीत. मोबाइलच्या ॲपवर त्या दिवशीच्या आलेखाचा माथा कापल्यासारखा सपाट दिसेल. तेव्हा 'बिघडलं' म्हणून मला फोन करू नका, आधीच सांगून ठेवते.

असं करून वर्षभरात बुडतं किती? आपलं प्रमाण ६.४८ भागिले ५, म्हणजे १.३ आहे. घरगुती कामात १.१ ते १.३ हे नेहमीचं. आपण त्याच्या वरच्या टोकाला आहोत, हे खरं. पण बुडणारा भाग मोजक्या दिवसांच्या मोजक्या तासांचा आहे, आणि त्याच्या बदल्यात बाकीच्या सगळ्या वेळी, म्हणजे सकाळी, ढगाळ दिवशी आणि ऊन कलल्यावर, बारा पॅनेलचं उत्पन्न मिळतं. शिवाय पॅनेल म्हातारे होतात. तुमच्या डेटाशीटप्रमाणे पहिल्या वर्षी २ टक्के आणि नंतर दरवर्षी ०.५५ टक्के उतार धरलाय. दहाव्या वर्षाअखेर उरतील ९३ टक्के, म्हणजे ६.०३ किलोवॅट. प्रमाण आपोआप १.२ वर आलं.

एकच गोष्ट इथे तपासायची. इन्व्हर्टरच्या डेटाशीटमध्ये 'जास्तीत जास्त डीसी पॉवर' अशी ओळ आहे आणि तिथे ७५०० वॅट आहे. आपण ६४८० वर आहोत. हा आकडा ओलांडला तर वॉरंटीत भांडण होतं. तो ओलांडलेला नाही, विषय संपला.

आता खरा विषय. कोटेशनच्या दुसऱ्या पानावर सोलरवाल्यांनी स्ट्रिंगचं चित्र काढलंय. बाराही पॅनेल एकामागोमाग एक जोडलेत, एकच स्ट्रिंग. पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीही जोडलेलं नसताना टोकांवर मिळणारं, ४९.५ व्होल्ट. बारा जोडले की ५९४. इन्व्हर्टरची मर्यादा ६०० व्होल्ट. त्यांनी शेजारी बरोबरची खूणही केली आहे: ५९४ हे ६०० पेक्षा कमी, म्हणून चालेल.

चालणार नाही. ४९.५ हा आकडासुद्धा २५ अंशांचाच आहे. उष्णतेने व्होल्टेज उतरतं तसं थंडीने चढतं. तापमानाच्या त्याच तक्त्यात व्होल्टेजपुढे उणे ०.२७ टक्के आहे. आता हिवाळ्यातली कडक पहाट धरा, पारा ५ अंशांवर. २५ पेक्षा २० अंश खाली, म्हणजे ५.४ टक्के वाढ. ५९४ चे झाले ६२६ व्होल्ट.

सकाळी ऊन कुठे असतं एवढं, असं तुम्ही म्हणाल. इथेच बरेच लोक फसतात. उन्हाबरोबर करंट वाढतो, व्होल्टेजचं तसं नाही. ते कोवळ्या उन्हातच बरंचसं चढून बसतं. त्या वेळी सेल रात्रभराचे गार, आणि इन्व्हर्टर अजून जागा झालेला नाही, म्हणजे भार शून्य. स्ट्रिंग ओपन सर्किटला असते ती अगदी तेव्हाच. दुसरा प्रसंगही तसाच: थंडीतल्या लख्ख सकाळी इन्व्हर्टर जोरात चालू आहे आणि बाहेरची वीज जाते. तो तत्काळ भार सोडतो आणि स्ट्रिंगचं व्होल्टेज एकदम वर उडी घेतं, तेही पूर्ण उन्हात. वॅट जास्त झाले तर इन्व्हर्टर करंट घेणं कमी करू शकतो. व्होल्ट जास्त झाले तर त्याच्या हातात काही नाही. आतले कपॅसिटर आणि स्विच थेट त्या दाबाखाली येतात. काही इन्व्हर्टर आजवर आलेल्या सर्वात जास्त व्होल्टेजची नोंद आत ठेवतात. कंपनीचा माणूस ती वाचतो, आणि वॉरंटीचा प्रश्न मिटतो.

म्हणून बाबा, वॅटमध्ये तुम्ही जी काटेकोर शिस्त लावू पाहताय ती सगळी व्होल्टमध्ये लावा. वॅटचं प्रमाण १.१ असो की १.३, घर चालेल. व्होल्टेज मात्र तुमच्याकडच्या आजवरच्या सगळ्यात थंड पहाटेला धरूनसुद्धा मर्यादेच्या आतच हवं, आणि थोडी जागा राखून.

उपाय सोपा आहे. याच इन्व्हर्टरला दोन एमपीपीटी आहेत, म्हणजे दोन वेगळे कप्पे, प्रत्येक आपापल्या स्ट्रिंगला स्वतंत्र सांभाळणारा. सहा-सहाच्या दोन स्ट्रिंग करून एकेका कप्प्याला एकेक द्यायची. सहा गुणिले ४९.५ म्हणजे २९७, थंडीत ३१३. ६०० च्या जवळपासही नाही. आता दुसरं टोक बघायचं, कारण व्होल्टेज फार उतरलं तरीही इन्व्हर्टर काम सोडतो. चालू पॅनेलचं व्होल्टेज ४१.६५, सहाचं २५०. तापलेल्या दुपारी साधारण १४ टक्के उतार धरला तर २१५. कप्प्याचा पल्ला ९० पासून सुरू होतो, तेव्हा तिकडूनही भीती नाही. करंट बघा: पॅनेलचा चालू करंट १२.९७ अँपिअर, शॉर्ट सर्किटचा, म्हणजे दोन्ही टोकं थेट जोडल्यावरचा, १३.८५, कप्प्याची मर्यादा अनुक्रमे १६ आणि २०. बसतो. हल्लीचे पॅनेल मोठ्या सेलचे आणि म्हणून जास्त करंटचे असतात. जुन्या मॉडेलचे इन्व्हर्टर काही वेळा साडेबारालाच थांबतात, त्यामुळे ही ओळ वाचल्याशिवाय कुणाच्या 'सगळं बसतं' यावर मान डोलवू नका.

सोलरवाले कदाचित म्हणतील की दोन्ही स्ट्रिंग समांतर जोडून एकाच कप्प्यात देऊ, दुसरा पुढच्यासाठी मोकळा ठेवू. नको म्हणा. समांतर जोडल्यावर करंट दुप्पट, २६ अँपिअर. तो १६ च्या कप्प्यात देऊन काय उपयोग?

दोन स्ट्रिंगचा आणखी एक फायदा आईच्या टाकीमुळे आहे. टाकीची सावली दुपारनंतर एका बाजूच्या पॅनेलांवर सरकते. एकाच स्ट्रिंगमध्ये करंट सगळ्यांतून तोच वाहतो, त्यामुळे सावलीतले पॅनेल बाकीच्यांना मागे ओढतात. पॅनेलमधले बायपास डायोड सावलीचा भाग वगळून करंटला वाट काढून देतात, पण फुकट नाही. तेव्हा सावलीत येणारे पॅनेल एकाच स्ट्रिंगमध्ये गोळा करायला सांगा. म्हणजे दुसऱ्या स्ट्रिंगमधले सहा पॅनेल दिवस मावळेपर्यंत निवांत चालतील.

आठ किलोवॅटचा इन्व्हर्टर घेऊन टाकू, 'पुढे पॅनेल वाढवता येतील', हा बाबांचा पर्याय. तो चालेल, बिघडणार काही नाही, पण मला पटत नाही. गच्चीवर मोकळी जागा एखाद-दुसऱ्या पॅनेलचीच उरते, आणि त्यातला एक पॅनेल पाचाच्या इन्व्हर्टरलाही ७५०० वॅटच्या आत घेता येईल. आपलं कनेक्शन सिंगल फेज; आठासाठी बहुधा थ्री फेज करून घ्या म्हणतील, मंजूर भार वाढवावा लागेल. आणि इन्व्हर्टरचं आयुष्य साधारण दहा ते पंधरा वर्षं, पॅनेलचं पंचवीसच्या वर. तो एकदा बदलावा लागणारच आहे. मोठा घ्यायचा तर तेव्हा गरज बघून घेऊ.

आई, तुझा प्रश्न: वीज गेल्यावर उन्हात पॅनेल असून फ्रिज का चालणार नाही? कारण हा इन्व्हर्टर बाहेरच्या विजेच्या तालावर चालतो आणि ती गेली की स्वतःला बंद करून घेतो. तसं केलं नाही तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या गच्चीवरच्या विजेचा धक्का बसेल. वीज गेल्यावरही घर चालवायचं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल, आणि तिथे हिशोब पॅनेलवरून नाही, तुझ्या घरातल्या उपकरणांवरून मांडायचा. फ्रिज चालताना दीडशे-दोनशे वॅट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट मागतो. पाण्याच्या पंपाचं तर विचारूच नको. सध्या खोल्यांतली जुनी बॅटरी पंखे-दिव्यांना पुरतेय ना? मग तीच राहू दे. दोन्ही एकत्र करायचा मोह टाळू या.

इन्व्हर्टर कुठे बसवणार ते चित्रात बघितलं: गच्चीच्या पश्चिमेच्या भिंतीवर, उघड्यावर. सोलरवाले म्हणतील आयपी ६५ आहे. ते पाण्याचं आणि धुळीचं माप झालं, उन्हाचं नाही. आत तापला की तो स्वतःच वॅट कमी करतो, म्हणजे आपण पाचाचा घेतलेला दुपारी चाराचा होतो, आणि रोजच्या तापण्याने कपॅसिटरचं आयुष्यही घटतं. जिन्याच्या वरच्या खोलीतली आतली भिंत घ्या. पण आई, तिथली ती रिकाम्या डब्यांची चळत हलवावी लागेल. वर-खाली आणि बाजूंना हातभर जागा मोकळी हवी, आणि खिडकी उघडी. डबे नंतर परत तिथेच नेऊन ठेवशील, मला माहीत आहे, तर बाबा लक्ष ठेवा.

सोलरवाल्यांशी भांडू नका. माणसं कामाला नीट दिसतात, मोजमापं व्यवस्थित घेतली आहेत. त्यांना एवढंच सांगा की सहा-सहाच्या दोन स्ट्रिंगचं नवीन चित्र द्या, त्यावर सर्वात थंड तापमानाचं व्होल्टेज मांडून दाखवा, आणि सावलीचे पॅनेल कुठल्या स्ट्रिंगला आहेत ते लिहा. ते हातात येईपर्यंत स्ट्रक्चरचं काम चालू राहू दे, पॅनेलची जोडणी नको. माल आला की बाबांनी प्रत्येक पॅनेलमागची पट्टी वाचावी. ५४० ऐवजी ५५० वॅटचे आले तर वरचे सगळे आकडे थोडे सरकतात. तसं झालं तर पट्टीचा फोटो मला पाठवा, चार ओळींचं काम आहे. जोडणीच्या दिवशी, इन्व्हर्टरला लावण्याआधी, प्रत्येक स्ट्रिंगची दोन टोकं मल्टिमीटरवर मोजून आकडा लिहून घ्यायला लावा. पॅनेल किती तापलेत त्याप्रमाणे २७० ते २९० च्या आसपास यायला हवा. मोजायचं त्यांनी, बाबा, तुम्ही फक्त बघायचं. तीनशे व्होल्ट डीसी आहे ते, आणि तुमचा टेस्टर कपाटातच राहू दे.

नवीन चित्र आलं की लगेच पाठवा. मी रात्री बघून उत्तर देते.

तुमची,
ताई