तारे देता, तशा चार ओळीही द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पानावर दर आठवड्याला नव्या चित्रपटांची परीक्षणे येतात. दिग्दर्शन कसे, अभिनय कसा, संगीत कुठे रेंगाळले आणि शेवटी पाचपैकी किती तारे. मी ती नेमाने वाचतो. पण घरात लहान मूल असलेल्या माणसाला जे हवे असते, ते त्यात सापडत नाही. म्हणून हे पत्र.

मी ३४ वर्षे एका चित्रपटगृहात डोअरकीपर होतो. १९७९ साली लागलो, २०१३ साली निवृत्त झालो. तिकीट फाडायचे, अर्धे परत द्यायचे, बॅटरी मारून खुर्ची दाखवायची आणि खेळ सुरू झाला की दाराच्या पडद्यालगत स्टूल टाकून बसायचे. तिथून पडदा तिरका आणि निम्माच दिसे. पण बाहेर कोण येतो आणि कुठल्या प्रसंगाला येतो, ते माझ्याइतके कोणालाच दिसत नसे. मूल घेऊन बाहेर येणारा बाप चालीवरून ओळखू येतो. पोराचे तोंड खांद्यात खुपसलेले, दोन्ही कानांवर हात आणि बहुतेक वेळा एका पायातली सँडल गायब. ती मध्यंतरात खुर्च्यांखाली शोधून द्यायची हे आमचेच काम. हात डोळ्यांवर नसून कानांवर असतात, हे मला बरेच उशिरा लक्षात आले. अंधारात डोळे मिटले तरी आवाज आत येतोच, आणि घुमणारा आवाज तर खुर्चीतूनही येतो.

नव्या चित्रपटाच्या पहिल्या दिवशी मला काहीच माहीत नसे. रविवारपर्यंत मात्र पाठ होऊन जाई. अमुक प्रसंगाला दार उघडणार म्हणजे उघडणार. शेजारच्या दारावरचा सोबती आणि मी एकमेकांना बोटांनी खुणा करायचो, आज किती. ही बोटे मारामारीला फारशी वर होत नसत. ढिशुम ढिशुमला पोरे खुर्चीवर उभी राहत, त्यांना खाली बसवताना आमची दमछाक होई. बोटे वर होत ती गर्दीत आईचा हात सुटण्याच्या प्रसंगाला. नाही तर ओळखीच्या माणसाचा चेहरा अचानक बदलून भलताच होतो तेव्हा. कुत्रा मरतो तेव्हा. आणि पडद्यावर मोठी माणसे हमसून रडतात तेव्हा. माझे तर ठाम मत आहे की लहान मुलाला राक्षसापेक्षा रडणारा बाप जास्त घाबरवतो.

आणि आईवडील दारात काय विचारायचे? "काही तसलं नाही ना हो?" तसलं म्हणजे चुंबन वगैरे. ३४ वर्षांत हा प्रश्न मी किती वेळा ऐकला त्याची गणती नाही. "यात कोणाची आई मरते का?" असे एकानेही विचारले नाही. आता सांगतो, चुंबनाच्या प्रसंगाला एकही पाच वर्षांचे पोर माझ्या दारातून रडत बाहेर आले नाही. पोरे "ईऽऽ" करतात आणि बुटाच्या नाड्या बघतात. अवघडतात ते शेजारी बसलेले आईबाप. आपल्याला लाज कशाची वाटते आणि पोराला भीती कशाची वाटते, या दोन याद्या वेगळ्या आहेत. आपण पहिली यादी धरून चित्रपट निवडतो.

प्रमाणपत्र असते की, असे कोणी म्हणेल. मी लागलो तेव्हा सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी 'यू' आणि प्रौढांसाठी 'ए' एवढेच होते. १९८३ मध्ये सेन्सॉर बोर्डाचे नाव बदलून केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ झाले आणि मधला 'यूए' आला. म्हणजे १२ वर्षांखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचा. लोकांनी त्याचा सोयीचा अर्थ लावला : आईबाप सोबत असले की चालते. अहो, मार्गदर्शन करायचे ते तिकीट काढण्याआधी. अंधारात शेजारी बसून कसले मार्गदर्शन? फार तर डोळ्यांवर हात ठेवता येतो, तोही उशिरा.

शिवाय तीन वर्षांचे पोर आणि अकरा वर्षांचे पोर, दोघांना मिळून तो एकच शिक्का, आणि तो चाळीस वर्षे चालला. २०२३ मध्ये कायदा बदलला आणि आता यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. चांगली सुधारणा आहे, मी नावे ठेवणार नाही. पण त्याविषयी एक गैरसमज आहे. अनेकांना वाटते की १६+ असेल तर लहान मुलाला दारातच अडवतील. तसे नाही. अडवायचे ते 'ए'ला, तिथे १८ वर्षांखाली प्रवेशच नाही. यूएपुढचा आकडा पालकांनी विचार करावा म्हणून आहे, तो अमलात आणण्याचा अधिकार कायद्याने पालकांखेरीज कोणाला दिलेला नाही. तेव्हा आजचा डोअरकीपर पाच वर्षांच्या पोराला १६+ च्या खेळाला जाताना बघेल आणि तिकीट घेईल. निर्णय तुमचा, असे कायदा तुम्हाला सांगतो. पण निर्णय कशावर घ्यायचा? पोस्टरच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर? तो १३ रक्तामुळे आहे, शिव्यांमुळे आहे, की भुतामुळे? एका घरचे पोर भुतांच्या गोष्टी ऐकत वाढलेले असते, पण गेल्या महिन्यात त्याची आजी गेलेली असते. त्या घराला भूत चालेल, अंत्ययात्रा चालणार नाही.

आता माझीच फजिती सांगतो, म्हणजे मी शहाणपण शिकवतो आहे असे वाटणार नाही. दोन वर्षांपूर्वी नातवाला, तेव्हा तो सहा वर्षांचा होता, प्राण्यांच्या एका कार्टूनपटाला नेले. प्रमाणपत्र 'यू'. सुनेने विचारले, "बाबा, ठीक आहे ना हा?" मी ऐटीत म्हटले, "अगं, माझा जन्म गेलाय यात." पहिल्या वीस मिनिटांतच पिल्लाची आई गेली. मरताना दाखवली नाही, नुसता आवाज आला आणि मग ती नव्हती. मी चोरून नातवाकडे पाहिले. तो शांत बसला होता. रडला नाही, कान झाकले नाहीत. पुढे गाणी आली, तो हसलासुद्धा. मी मनात म्हटले, पोरगा खंबीर आहे. रात्री झोपताना त्याने विचारले, "आजोबा, ती आई परत कधी आली? मी तेव्हा बघत नव्हतो का?" आपल्याकडून बघायचे राहून गेले, असेच त्याला वाटत होते. दीड तास तो तिची वाट बघत होता, आणि मी त्याला खंबीर समजत होतो. पुढचे पंधरा दिवस त्याने आईला बाथरूमचे दार लावू दिले नाही.

त्या चित्रपटात वाईट काहीच नव्हते. चांगला होता. वर्षभराने दाखवला असता, किंवा आधी घरी चार वाक्ये बोलून नेला असता, तर चालला असता. पण मला आधी कळायला हवे होते ना. त्याचे परीक्षण मी वाचले होते. 'सहकुटुंब पाहावा असा नितांतसुंदर अनुभव', साडेतीन तारे. आईचा उल्लेख नाही.

इतर देशांत हे काम बरेच पुढे गेले आहे. नात मोठी आहे, ती मोबाइलवर शोधून दाखवते. ब्रिटनचे मंडळ वर्गवारी देऊन थांबत नाही. चित्रपटात भीती किती, हिंसा कुठल्या प्रकारची, शिव्या किती हे शब्दांत लिहून आधीच वाचायला ठेवते. नेदरलँड्समध्ये २००१ पासून वयाच्या आकड्याशेजारी छोटी चित्रे असतात. हिंसेला मूठ आणि भीतीला कोळी. हा कोळी मला फार आवडला. भीतीला तिथे वेगळी जागा आहे, हिंसेच्या पोटात ढकललेली नाही. आपल्याकडेही ओटीटीवर २०२१ च्या नियमांनंतर कोपऱ्यात दोन-तीन शब्द येतात : हिंसा, असभ्य भाषा, अमली पदार्थ. नसल्यापेक्षा बरे. पण 'हिंसा' या एका शब्दात केळीच्या सालीवरून घसरणेही येते आणि बापाने आईला मारणेही येते.

माझी विनंती साधी आहे. परीक्षणाखाली चौकट टाकून चार ओळी छापा. मत नको, बोध नको, 'पालकांनी काळजी घ्यावी' तर मुळीच नको. काय आहे तेवढे सांगा. एका काल्पनिक चित्रपटावर मी नमुना लिहून बघितला :

'सुरुवातीला वडिलांचा मृत्यू. मरताना दिसत नाहीत, पण रडणे बराच वेळ. मध्यंतरानंतर मुलगी विहिरीत अडकते, पडद्यावर जवळजवळ पूर्ण अंधार आणि मोठा आवाज. मामा दारू पिऊन भांडी फेकतो, ते विनोद म्हणून दाखवले आहे. शिव्या दोन. कुत्रा वाचतो.'

मोजून पाहा, किती जागा लागली? नटीच्या फोटोचा एक कान कापला तरी भागेल.

त्यातले 'विनोद म्हणून' हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांची भीती कमी होते, पण ती दुसरेच काही घेऊन जातात. नायकाने नायिकेच्या कानाखाली मारली, हे झाले एक. मारल्यावर बाल्कनीतून शिट्ट्या आल्या की सगळीकडे शांतता पसरली, हे वेगळे. मी दोन्ही ऐकले आहे, आणि शिट्ट्या मारणाऱ्यांत शाळेच्या गणवेशातली पोरेही बघितली आहेत. चित्रपट आपल्याला कुठे हसायला लावतो हे समीक्षकाला नक्की कळते. तेवढे लिहावे. परीक्षेतल्या अपयशावरून जीव देणारे पात्र असेल, तर तेही घरात दहावीचे मूल असणाऱ्याला आधी कळू द्या.

गोष्ट फुटेल, रसभंग होईल, असे समीक्षक म्हणतील. त्यावर उपाय आपल्याच पानावर आहे. शब्दकोड्याचे उत्तर जसे उलटे छापता, तशी ही चौकट उलटी छापा. ज्याला गरज आहे तो पेपर फिरवून वाचेल.

दुसरी अडचण मला खरी वाटते. समीक्षक बघतात त्या खास खेळाला पोरे नसतात. सभागृहात सगळे जाणते, वह्या-पेन घेतलेले. तिथे कोणाचीही सँडल हरवत नाही. मग त्यांनी रविवारी एखाद्या चित्रपटगृहात जाऊन दारावरच्या माणसाला विचारावे, "लहान पोरं कुठे उठतात?" तो सांगेल. त्याला आजवर कोणी विचारलेले नाही, म्हणून जरा जास्तच सांगेल.

तोवर पालकांसाठी दारावरच्या माणसाचे दोन शब्द. चित्रपट बघून आलेल्याला "कसा आहे?" विचारू नका, "काय काय होतं?" विचारा. खुर्ची कडेची घ्या, दाराजवळची. पोर "चल" म्हणाले की उठा. "अरे, खोटं असतं ते, बघ ना" म्हणत त्याची मान पडद्याकडे वळवू नका. मी अशा वळवलेल्या माना फार पाहिल्या आहेत. पाच वर्षांच्या पोराला खोटे आहे हे सांगून भागत नाही, त्याला मांडी लागते. आणि बाहेर आल्यावर पैसे वाया गेले म्हणून त्याच्यावर चिडू नका. पॅसेजमध्ये बापाचा ओरडा खाणारी पोरे मला आतल्या रडण्यापेक्षा जास्त आठवतात.

नातू आता आठ वर्षांचा आहे. पुढच्या आठवड्यात हत्तीवरचा एक चित्रपट लागतो आहे आणि त्याने पोस्टर बघून ठेवले आहे. पोस्टरवर हत्तीण आहे, तिचे पिल्लू आहे आणि मागे डोंगर. आपले समीक्षक तो आधी बघतीलच. हत्तीण शेवटपर्यंत आहे की नाही, एवढे उलट्या अक्षरांत छापलेत तरी माझे काम होईल.

कळावे,
आपला नियमित वाचक
एक निवृत्त डोअरकीपर

(नाव छापू नये, सून रोज आपला पेपर वाचते.)