नवे गाणे शोधण्याविषयी सुहासला पत्र

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतातील ख्यालगायकी मन लावून ऐकायची तर नवे गायक कोठून शोधावेत, आवडलेले गाणे आपल्यापाशी कायम राहावे म्हणून काय करावे, आणि स्ट्रीमिंगचे एक सदस्यत्व घेतले की पुरे होईल का, असे तू विचारले आहेस. माझ्या मते ऐकून पाहण्यासाठी ते पुरेसे आहे. शोधण्यासाठी आणि जपण्यासाठी मात्र नाही.

तेथील साठा अफाट आहे, हे मी मनापासून मान्य करतो. परंतु त्या सेवांची सगळी रचना चार-पाच मिनिटांच्या गाण्यासाठी केलेली आहे. संथ, म्हणजे विलंबित लयीतला बडा ख्याल आणि त्यामागून येणारा जलद, म्हणजे द्रुत लयीतला छोटा ख्याल हे तेथे पुष्कळदा दोन सुटे ट्रॅक असतात, त्यामुळे 'शफल' (ट्रॅक उलटसुलट क्रमाने लावणे) चालू राहिले तर द्रुत बंदिश आधी वाजते, मग भलताच राग सुरू होतो आणि विलंबित कधीतरी नंतर येते; ज्या बढतीसाठी, म्हणजे राग टप्प्याटप्प्याने फुलवत नेण्यासाठी, आपण ख्याल ऐकतो तिचा मागमूसही उरत नाही. तबल्यावर आणि संवादिनीवर कोण आहे, हे तर अनेकदा लिहिलेलेच नसते. शिवाय सेवा जे सुचवते ते तू आधी ऐकलेल्यासारखे किंवा इतर पुष्कळांनी ऐकलेले असते, म्हणून यमन राग लावणाऱ्याला थोड्याच वेळात झोप लागण्यासाठीची बासरी ऐकू येऊ लागते. शफल बंद ठेव आणि नेहमी पूर्ण अल्बम लाव, एवढे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

नवे गायक सापडण्यासाठी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो गुरुपरंपरेचा माग. समजा, तुला किशोरी आमोणकर आवडल्या, तर त्यांना शिकवणाऱ्या त्यांच्या मातोश्री मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडे जा, आणि तेथून मोगूबाईंचे गुरू अल्लादिया खाँ यांच्याकडे. खाँसाहेबांचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही, त्यामुळे हा माग तेथे थांबल्यासारखा वाटेल. पण खरे तर तो तेथून फुटतो. केसरबाई केरकर त्यांच्याच शिष्या, आणि मल्लिकार्जुन मन्सूर हे खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजी खाँ व भुर्जी खाँ यांच्याकडे, शिकलेले. एकच अनवट, म्हणजे क्वचित गायला जाणारा, राग या जयपूर-अत्रौली घराण्यातील दोघातिघांकडून लागोपाठ ऐकलास, तर कोणती गोष्ट घराण्याची आणि कोणती त्या गायकाची स्वतःची, हे कानाला आपोआप कळू लागते. हे नाते कोणतीही आपोआप तयार होणारी यादी तुला उलगडून सांगणार नाही, आणि मला स्वतःला ख्यालाची गोडी लागली ती याच वाटेने.

या वाटेवर जुन्या ध्वनिमुद्रिका भेटतील तेव्हा एक लक्षात ठेव. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीनच मिनिटांचे गाणे मावत असे, म्हणून त्या काळच्या गायकाची बढत तबकडीवरून जोखू नये. तेथे त्याचा आवाज, तानेची जात आणि थोडक्यात राग उभा करण्याची ताकद ऐकावी. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या तबकडीत केसरबाईंची जी भैरवी आहे, तीही अशीच साडेतीन मिनिटांची आहे. पुढे एलपीच्या, म्हणजे लाँग प्ले तबकडीच्या, एका बाजूला वीसएक मिनिटे आणि 90 मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला पाऊण तास मिळू लागला, तेव्हा कोठे विलंबित ख्याल घरात ऐसपैस बसू शकला.

माग काढण्यासाठी मुळात एखादे नाव हाती हवे, आणि अनपेक्षित नाव मिळते ते रेडिओवर आणि प्रत्यक्ष मैफलीत. आकाशवाणीने 1952 साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आजही आकाशवाणीवरील शास्त्रीय संगीताच्या सभेत निवेदक राग, ताल आणि साथीदारांची नावे सांगतो, आणि ती वहीत उतरवून ठेवण्यासारखी असतात. भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला यंदा डिसेंबरात तू ये, आणि तिन्हीसांजेच्या नामवंतांसाठी न थांबता दुपारीच येऊन बस, कारण तरुण गायकाला पहिल्यांदा ऐकण्याची संधी बहुधा त्याच वेळी असते. जाणकारांनाही विचार, पण नेमके विचार. "चांगले गाणारे कोण?" या प्रश्नाला सर्वांना ठाऊक असलेलीच नावे मिळतात, "मारवा राग सावकाश, आलापीने ऐकायचा आहे, कोणाचा ऐकू?" असे विचारलेस तर समोरचा माणूस विचारात पडतो आणि त्याच्या खास आवडीचे काहीतरी काढून देतो.

आता संग्रहाविषयी. जे पुन्हापुन्हा ऐकावेसे वाटेल ते विकत घे. कंपनीचा करार संपला की स्ट्रीमिंगवरील अल्बम नाहीसा होऊ शकतो, आणि सदस्यत्व थांबले की ॲपमध्ये उतरवून ठेवलेलेही वाजत नाही. सीडी मिळाली तर उत्तम, कारण तिच्यासोबतच्या पुस्तिकेत बंदिशी आणि साथीदारांची माहिती बहुधा असते. फाइल घ्यायची तर बँडकॅम्पसारख्या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर आवाजात काटछाट नसलेली फ्लॅक प्रत मिळते आणि किमतीचा मोठा भाग कलावंताकडे जातो. खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणे रसिकांमध्ये हातोहात फिरतात, यूट्यूबवरही पुष्कळ आहेत, आणि त्यांत असे गाणे आहे जे कोणत्याही कंपनीने काढले नाही. ती मी कृतज्ञतेने ऐकतो. मात्र ज्यांचे गाणे मला अशा वाटेने मिळाले, त्यांचे जे काही अधिकृतपणे विक्रीला आहे ते मी आवर्जून घेतो, आणि तूही तसेच करावेस असे मला फार वाटते.

माझ्याकडील जयपूर-अत्रौली घराण्याच्या सीडींची यादी सोबत जोडली आहे. हव्या असतील त्यांच्यावर खूण करून पाठव, म्हणजे पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येताना घेऊन येईन.

तुझा,
अरविंद